न वाळलेला चेहरा

गेल्या वर्षीचा चेहरा अजून ओला आहे.

परवा गव्हाच्या कोठीच्या मागून चित्र बाहेर काढलं. त्यावर टाकलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला, तर कागदाचा एक तुकडा गालालाच चिकटून राहिला. बाकी सगळं वाळलंय. भिंत वाळली, खिडकी वाळली, खाटेच्या पट्ट्या अशा कडक झाल्यात की नख मारलं तर टक् वाजतं. चेहरा तेवढा ओला. मधे पावसाळा गेला, भरताच्या वांग्यांचा हिवाळा गेला, आता परत चैत्र लागला. बोट लावलं की अजून बोटाला रंग येतो.

चैत्रात जळगावची घरं दिवसा डोळे मिटून बसतात. अकरा वाजले की दारं लोटायची, खिडकीला ओलं गोणपाट टांगायचं, फरशीवर पाणी मारायचं. रस्त्यावरचा आवाजही कमी होतो, एखादी रिक्षा गेली तर तेवढीच. गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत असतात आणि गव्हाच्या चिकाचा आंबूस वास जिन्यातून खाली येतो. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्यानं दारात येऊन पडतो, तो झाडू मारताना उचलला जात नाही, झाडूच्या पुढे पुढे पळतो. बाजारात डांगरं आली आहेत. डांगर म्हणजे खरबूज. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. आमच्या घरात ती घागर माझ्या सासूबाईंच्या नावाची. ती भरायला आबा धुळ्याहून येणार आहेत.

आबा म्हणजे माझे सासरे. चित्रातला ओला चेहरा त्यांचाच. म्हणजे त्यांचा असायला हवा होता.

आबा आठ दिवस राहणार. मग इथेच राहायचं की परत धुळ्याला मोठ्या मुलाकडे जायचं, ते त्यांचं तेच ठरवतील. ह्या आठ दिवसांत मला तो चेहरा काढायचा आहे. त्यासाठी त्यांच्याकडे बघावं लागेल. लिहायला सोपं आहे हे. मी ह्या घरात सव्वीस वर्षांपूर्वी आले आणि आबांच्या तोंडाकडे नीट एकदाही बघितलेलं नाही.

*

चित्रकलेच्या बाईंकडे मी स्वयंपाकाला जाते. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच राहतात. त्यांच्या घरात शिरलं की आधी टर्पेंटाइनचा वास येतो, मग फोडणीचा. फोडणीचा वास माझा.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश धुणं माझ्याकडे आलं. रॉकेल नको, टर्पेंटाइननं धू, मग साबणानं, मग केस बोटांनी सरळ करून उभे ठेव. ताटात उरलेले रंग पाण्यात बुडवून ठेवायचे म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्यावर साय धरत नाही. ही कामं मला आवडायची. कुणाशी बोलावं लागत नाही आणि हातात काहीतरी बदलत असतं.

एकदा बाईंनी रिकाम्या खोलीचं चित्र काढलं होतं. एक खुर्ची, एक खिडकी. मी भाजी चिरत असताना त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय गं?"

मी म्हटलं, "बरं आहे."

"बरं आहे म्हणजे काय? भाजीत मीठ बरं आहे म्हणतेस तसं?"

मग मी सांगून टाकलं की खिडकीतलं ऊन दुपारचं दिसतंय पण फरशी सकाळची वाटतेय, थंड. बाईंनी चष्मा काढला, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "चौथीत शाळा सोडलीस ना तू?"

"हो."

"बरं झालं. पुढे शिकली असतीस तर फरशी दिसली नसती."

त्यांचं बोलणं असंच. त्यानंतर त्यांनी मला कॅनव्हास चिकटवलेला एक पुठ्ठा दिला, हाताच्या दीड वितीएवढा. चार ट्यूब दिल्या, दोन जुने ब्रश, आणि बाटलीत जवसाचं तेल. जवस मला चटणीपुरता माहीत. त्याच्या तेलात रंग कालवतात हे तिथे कळलं.

सुरुवातीला मी वांगी काढली, तांब्या काढला. बाई म्हणायच्या, रंग फोडणीसारखा ओतू नकोस. भिंत निळी आहे हे विसर, आत्ता काय दिसतंय ते सांग. आणि त्यांची सगळ्यात मोठी शिकवण म्हणजे डोळे किलकिले करून बघायचं. अर्धे मिटायचे. मग नाक, डोळे, बटणं, असलं काही दिसत नाही. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच उरतं. आधी तेवढं मांडायचं. बारीकसारीक नंतर.

मला ते फार लवकर जमलं. बाईंना आश्चर्य वाटलं. मी त्यांना सांगितलं नाही, पण मला वाटतं आम्ही सुना कितीतरी वर्षं तसंच बघत आलो. पदराच्या आतून, अर्ध्या डोळ्यांनी.

*

आमच्यात सून सासऱ्याच्या समोर डोळे वर करत नाही. आता पोरी करतात, चांगलंच आहे. माझ्या वेळी नव्हतं आणि नंतर मला सवय मोडता आली नाही. मुळात मी लाजरी. भाजीवालीशी सुद्धा मी भाजीकडे बघून बोलते.

आबा पण तसेच. ते दाराबाहेर थांबून खाकरायचे. एकदा मोठ्यानं, एकदा हळू. ते खाकरले की मी पदर सारखा करायचा, मग ते आत यायचे. स्वतःच्याच घरात शिरताना रोज खाकरणारा माणूस. त्यांना काही हवं असेल तर ते मला कधी सांगत नसत, हवेला सांगत. "आज उकाडा भलता शे," असं ते भिंतीकडे बघून अहिराणीत म्हणायचे आणि मी ताकाचा पेला आणून खाटेच्या कडेला ठेवायचे. मग ते पेल्याला म्हणायचे, "बरं शे."

तरुणपणी ते डाळ मिलमध्ये होते. मी नवी होते तेव्हा ते संध्याकाळी घरी आले की उंबऱ्यावर तुरीचा पिवळा भुगा सांडायचा. त्यांच्या पायांच्या बोटांमधे, नखांच्या कडांना सगळं पिवळं. मी सणावाराला वाकून पाया पडायचे तेव्हा ते पाय दिसायचे. म्हणून त्यांचे पाय मला पाठ आहेत. डाव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं आहे. टाचेला जुनी भेग आहे, ती उन्हाळ्यातही जात नाही.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत घरात ठरलं की आबांनी धुळ्याला जायचं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. जिना उभा, आबांचे गुडघे गेलेले. शिवाय डोळ्यात मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन धुळ्याला करायचं होतं. मोठ्या दिरांचं घर तळमजल्यावर आहे. कुणी कुणाला घालवत नव्हतं. आखाजी झाली की जायचं, एवढंच. पण मी त्या दिवशी भाकरी थापताना परात उगाच दोनदा पुसली.

बाईंना म्हटलं, मला एक माणूस काढायचंय. खोलीत बसलेलं.

"कोण?"

"सासरे."

"ते बसतील?"

"ते बसलेलेच असतात. त्यांना सांगायचं नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "चोरून चित्र काढणारी तू पहिलीच. काढ."

*

बाहेरच्या खोलीत खिडकीशी आबांची खाट. दुपारी जेवण झालं की ते खाटेवर बसत, पाठ भिंतीला, एक पाय खाली, एक पाय वर घेतलेला, काठी मांडीला टेकलेली. मी स्वयंपाकघरात दाराच्या आड, गव्हाच्या कोठीला पुठ्ठा टेकवून. मधे दाराची चौकट. चित्रात ती चौकटही आहे, डाव्या बाजूला काळपट उभी पट्टी. बाई म्हणाल्या होत्या की तू जिथून बघतेस ते चित्रात दिसू दे.

गोणपाटाच्या वरून ऊन एका फटीतून यायचं आणि ओल्या फरशीवर पडायचं. तिथून ते उलटं वर जायचं, आबांच्या हनुवटीखाली. भिंत निळ्या चुन्याची. किलकिल्या डोळ्यांनी ती निळी राहतच नसे. खिडकीजवळ राखेसारखी, खाटेमागे जांभळट, आणि आबांच्या खांद्याजवळ चक्क हिरवी. मला वाटायचं, इतकी वर्षं ह्या भिंतीला मी पोतेरं मारलं आणि ती अशी आहे हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आबा भिंतीला म्हणाले, "घरमा रॉकेलना वास येस."

टर्पेंटाइनचा वास. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. दोन दिवस मी काही काढलं नाही, दुपारी दाळ निवडत बसले. दुसऱ्या दिवशी आबा परत म्हणाले, "आज वास नही शे." ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. मला अर्थ लागला नाही, पण मी पुन्हा बाटली उघडली.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली आणि ती मला फार लागली. आबा स्वतःची बंडी स्वतः धुवायला लागले. संध्याकाळी मोरीत बसून, काठी बाजूला ठेवून, हळूहळू. मी धुवायला मागितली तर बंडी पाठीमागे धरली. सकाळी परत तीच अंगात. कपाटात तिच्यासारख्या चार होत्या. वरच्या शेजारणीनं एकदा दोरीवर ती एकटी बंडी बघून विचारलंच, "सासरे धुतात का आता?" मला वाटलं, आबा जायचे आहेत, माझ्या हातचं आता त्यांना नको झालं.  चित्रात ती बंडी रोज काढत होते, खांद्यावरची शिवण, खिशाची उसवलेली कड, आणि मनात वाईट वाटत होतं.

आणखी एक. आबांनी आमच्या ह्यांना सांगितलं की सूनना डोया डॉक्टरले दखाडा. हे मला म्हणाले, "तुला नीट दिसत नाही का? आबा सारखे म्हणतायत."

मी म्हटलं, "मला काय झालंय?"

"मला काय माहीत. ते म्हणतात, बिचारी डोळे बारीक करून बघते."

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आबांना स्वतःला मोतीबिंदू, त्यांना सगळ्यांच्याच डोळ्यांत तो दिसत असेल असं मला वाटलं. आता लिहिताना हसू येतं.

*

पाय आधी झाले. बाईंना दाखवायला पुठ्ठा पिशवीत घालून नेला तर त्या बराच वेळ बघत राहिल्या. पायांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पाय उद्या चालायला लागतील. हात पण चांगले आहेत. आणि इथे?"

चेहऱ्याच्या जागी एक तपकिरी डाग होता.

मी म्हटलं, "आबांचे पायच पाहिलेत मी."

 बाई शहरातल्या आहेत तरी त्यांना कळलं. एवढंच म्हणाल्या, "किलकिल्या डोळ्यांनी इथपर्यंत येता येतं. चेहऱ्याला डोळे उघडावे लागतात."

मग त्या त्यांच्या बहिणीकडे गेल्या आणि आखाजी आली. घागर भरली. खापरावरचे मांडे केले, आमरस केला. झाडाला झोके बांधले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी लांबून ऐकू येत होती. आबा परवा जाणार होते. जवसाच्या तेलाची बाटली संपली होती आणि चेहऱ्याच्या जागी अजून तो डाग.

मी घाई केली. तो डाग चिंधीनं पुसून टाकला. आबांकडे बघायचं धाडस झालं नाहीच. म्हणून आमच्या ह्यांचा चेहरा घेतला, तो मला येतो. त्याला पांढऱ्या मिशा लावल्या, गाल आत घेतले, कपाळावर आठ्या घातल्या. बाप-लेक आहेत, तर चालेल असं मनाला सांगितलं. रंग घट्ट होता, ब्रश ओढला जात नव्हता. तेल हवं होतं. स्वयंपाकघरात बसले होते, हाताशी तेलाचा डबा. त्यातलंच पळीभर वाटीत घेतलं. घाण्यावरचं, शेंगदाण्याचं. आमच्या घरात तेल म्हणजे तेच. रंग लोण्यासारखा पसरला. मला वाटलं छान झालं.

रिक्षात सामान ठेवताना आबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले आणि पिशव्यांकडे बघून म्हणाले, "घाई करानं काम नही." मला वाटलं सामानाबद्दलच म्हणतायत. मी पाया पडले. पाय तसेच होते, अंगठ्याचं नख दुभंगलेलं.

बाई परत आल्यावर त्यांनी चित्र बघितलं. आधी म्हणाल्या, "हा तर तुझा नवरा म्हातारा केलास." मग गालाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. "ह्यात काय घातलंस?"

मी सांगितलं.

त्यांना इतकं हसू आलं की खुर्चीत बसावं लागलं. म्हणाल्या, "अगं, जवसाचं तेल वाळतं. म्हणून तर ते घेतात. शेंगदाण्याचं कधीच वाळत नाही. तू ह्यांच्या तोंडात भजी तळलीस."

मला रडू आलं, आणि रडता रडता मीही हसले.

"खरवडून टाक," बाई म्हणाल्या, "आणि परत काढ. अजून ओलं आहे, सहज निघेल."

पण ते मला जमेना. चिंधी घेऊन बसायची आणि उठायची. जित्या माणसाचं तोंड पुसायचं कसं? आणि पुसून तिथे काय काढायचं, मला कुठे येतं? म्हणून कागद टाकून कोठीमागे ठेवलं. धूळ बसू नये म्हणून, आणि दिसू नये म्हणूनही.

*

पावसाळ्यात कधीतरी मी ह्यांच्याजवळ बंडीचं बोलले. म्हटलं, शेवटी शेवटी आबांना माझ्या हातचं धुणं नको झालं होतं.

हे जेवत होते. थांबले. म्हणाले, "तुला माहीत नाही?"

"काय?"

"अगं, ते मला म्हणाले होते ना. चित्रमा बंडी बदलनी त बाई रागावतीन. तुझ्या चित्रकलेच्या बाई."

मी पोळी तव्यावर टाकली होती, ती तिथेच जळली. हे सांगत गेले. आबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. वास आला तेव्हा नाही, त्याच्या आधी. त्यांनी ह्यांना विचारलं होतं की सून कोठीपाशी काय करते, आणि ह्यांनी सांगून टाकलं होतं. वर, तिला सांगू नकोस म्हणून आबांनी बजावलं होतं. ती लाजेल आणि सोडून देईल, म्हणाले.

म्हणजे महिनाभर आबा माझ्यासाठी बसले होते. गुडघे दुखत असताना एक पाय वर घेऊन, रोज तसाच. बंडी माझ्या हातात दिली तर मी दुसरी काढून देईन, म्हणून स्वतः धुऊन रोज तीच घालत. आणि मी काय केलं, तर त्यांच्या धडावर दुसऱ्याचं तोंड ठेवलं.

तेव्हापासून मी रोज बाईंकडे कामं झाल्यावर अर्धा तास तोंडं काढते. बाईंचं काढलं, तेरा वेळा. बाई समोर बसतात आणि म्हणतात, "बघ, बघ, मी काही खात नाही." पहिल्या काही दिवसांत माझी मान खाली जायची. मग जायची राहिली. डोळ्याच्या खालची पापणी जाड असते, तिच्या कडेवर ओला उजेड असतो, तो उगाच सगळीकडे लावायचा नाही. कानाचा वरचा भाग भुवईशी येतो. माणसाच्या कपाळाला बारा रंग असतात. मला हे सगळं कळत गेलं तसं मी भाजीवालीकडेही बघायला लागले. तिच्या हनुवटीवर तीळ आहे.

हिवाळ्यात घरमालकांची खालची खोली रिकामी झाली. ह्यांनी लगेच मागून घेतली आणि आम्ही खाली आलो. जिना सुटला. धुळ्याला फोन करून हे आबांना म्हणाले, "आता चढायचं काही नाही." आबांचं ऑपरेशन झालेलं, दिसायला लागलेलं. त्यांनी फोनवर काय उत्तर दिलं ते ह्यांनी सांगितलं नाही. आखाजीला येतो म्हणाले, एवढंच.

खालच्या खोलीची भिंत गुलाबी आहे. बाई म्हणाल्या, गुलाबी भिंतीचा उजेड गालावर पडेल आणि चित्रातली भिंत निळी, तोंड उपऱ्यासारखं दिसेल. म्हणून मी खाटेमागे निळी चादर टांगली आहे. खाट खिडकीच्या त्याच बाजूला. फरशी तशीच ओली. जवसाच्या तेलाची नवी बाटली बाईंनी दिली आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे, जवस.

*

आबा काल आले.

दुपारी ह्यांनीच चित्र कोठीमागून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मला न विचारता. मी दाराआड होते. आबांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. नव्या डोळ्यांनी आधी पाय बघितले, आपला अंगठा बघितला, चित्रातला बघितला. मग वर गेले आणि हसायला लागले. मी आबांना मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"हाऊ त मना पोऱ्या शे," ते म्हणाले.

ज्यांचं तोंड चित्रात होतं ते हे पण हसले. आबांनी गालाला बोट लावलं, बोटाला लागलेला रंग बघितला, आणि चित्राकडे बघत म्हणाले, "पुशी टाक."

एवढं पुरलं. मी चिंधी घेतली, टर्पेंटाइनमध्ये भिजवली आणि पुसलं. एका हातात निघालं सगळं. आठ्या, मिशा, गाल. खाली पुठ्ठ्याचा पांढरा रंग दिसला, किंचित पिवळट. वर्षभर तो तसाच होता, कुणी न बसलेल्या जागेसारखा. जवसाचं तेल असतं तर तो चेहरा केव्हाच दगडासारखा झाला असता आणि मला हात लावता आला नसता. हे मी बाईंना सांगणार आहे, पण त्या म्हणतील, म्हणून आता रोज शेंगदाण्याचंच घालशील का.

आज जेवण झाल्यावर मी ताट मांडलं. पांढरा, पिवळी माती, विटकरी, थोडा निळा. दाराआड नाही बसले. खाटेसमोर चार हातांवर पाट टाकला आणि पुठ्ठा खुर्चीला टेकवला.  हे कामावर होते, घरात दुसरं कुणी नाही.

बाहेर आबा खाकरले. एकदा मोठ्यानं, एकदा हळू. माझा हात सवयीनं पदराकडे गेला. बोटाला रंग होता, पदराला लागला. पिवळा.

ते आत आले. अंगात तीच बंडी होती, धुळ्याहून आणलेली, खांद्याला आता विरलेली, खिशाची कड अजून उसवलेलीच. कुणी शिवली नव्हती की त्यांनी शिवू दिली नव्हती. ते खाटेवर बसले, पाठ चादरीला, एक पाय वर घेतला, काठी मांडीला टेकवली. आणि मग तोंड माझ्याकडे वळवलं.

मी डोळे किलकिले केले.

"डोया बरा शेतस ना आते?" आबा म्हणाले. भिंतीला नाही, पेल्याला नाही. "मंग उघडीसन देख."

मी उघडले.

डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, तिथे केस उगवत नाहीत. मिशी उजवीकडे जरा जास्त पिवळट आहे. नाक आमच्या ह्यांच्यासारखं अजिबात नाही, रुंद आहे. एवढं मी बघितलं आणि ब्रश उचलला, तेव्हा दिसलं की आबांनी डोळे खाली घातले आहेत. स्वतः म्हणाले आणि स्वतःच फरशीकडे बघत बसले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. सव्वीस वर्षं ते दाराबाहेर खाकरत होते ते माझ्यासाठी, असंच मी धरून चालले होते.

फरशीवरचं ऊन हळूहळू त्यांच्या हनुवटीखाली चढत होतं. ते थोडाच वेळ तिथे राहतं, मग सरकतं. मी पाण्याचा घोट घेतला.

म्हटलं, "आबा, वर बघा."

आणि त्यांनी बघितलं.